आरटीएक्स ३०६० साडेतीन वर्षं वापरल्यावर: ओव्हरक्लॉक, वॉरंटी क्लेम आणि अकोल्याचा उन्हाळा

ग्राफिक्स कार्ड आहे आरटीएक्स ३०६०, एनव्हिडियाच्या चिपचं, १२ जीबीवालं, दोन फॅनचं, बॉक्सवर मोठ्या अक्षरात ओसी (ओव्हरक्लॉक्ड) लिहिलेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये घेतलं, ३२ हजारांच्या आसपास पडलं, पक्कं जीएसटी बिल, ३ वर्षं वॉरंटी. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्याच कंपन्यांच्या कार्डाला लागू होतं. मी अकोल्यात राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, थोडं ब्लेंडरचं (थ्रीडीचं) काम असतं आणि रात्री गेम. म्हणजे कार्ड दिवसाला ८-१० तास चालतंच चालतं. ओव्हरक्लॉक, म्हणजे चिपचा वेग (क्लॉक) कंपनीने ठरवल्यापेक्षा वाढवणं, करू का, वॉरंटी जाईल का, हे बरेच जण विचारतात आणि उत्तरं मात्र दोन टोकांची मिळतात, एक म्हणतो काही होत नाही बिनधास्त कर, दुसरा म्हणतो हात लावलास की वॉरंटी गेली. मी दोन्ही बाजू स्वतः बघितल्यात म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कार्डाबद्दल थोडक्यात. हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं तेव्हा भारतात २९,५०० किंमत सांगितली होती पण क्रिप्टो मायनिंगच्या (कार्डांवर डिजिटल चलन कमवायच्या) त्या काळात त्या किमतीला कोणाला दिसलंसुद्धा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं मायनिंग बंद झालं आणि मग भाव माणसात आले, तेव्हा मी घेतलं. १०८० पी गेमिंगला आजही पुरतं, १२ जीबी मेमरीमुळे रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइन अडकत नाही, एकच ८ पिनची वायर लागते, १७० वॉट खातं. कामासाठी घेणाऱ्याला मी अजूनही वाईट म्हणणार नाही.

आता मूळ मुद्दा. घेतल्यावर महिन्याभरात, डिसेंबरच्या थंडीत, मी आफ्टरबर्नर टाकलं, म्हणजे कार्डाचा क्लॉक, व्होल्टेज, फॅन बदलायचं सॉफ्टवेअर. हे फुकट आहे, एमएसआय या कार्ड कंपनीच्या नावाने येतं पण कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं, आणि खरं सांगायचं तर इतकं चांगलं टूल फुकट मिळतं याचं मला आजही नवल वाटतं. आधी रिव्हाट्यूनर हे अशाच कामाचं टूल बनवणाऱ्या एका रशियन डेव्हलपरचंच हे काम, मध्ये २०२३ च्या सुरुवातीला युद्धामुळे त्याचे पैसे अडकले आणि प्रोजेक्ट बंद पडतंय असं वाटत होतं, पण नंतर नवीन व्हर्जन आली. एक काळजी घ्या, डाउनलोड एमएसआयच्या नाहीतर गुरू३डीच्या साइटवरूनच करा. हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट्स आहेत आणि त्यातून व्हायरस येतो, स्वतः एमएसआयने २०२१ मध्ये याची वॉर्निंग दिली होती. ओव्हरक्लॉकिंगमध्ये कार्ड जळायच्या आधी पासवर्ड चोरीला जायचा धोका जास्त आहे म्हटलं तरी चालेल.

तर कोअरला (मुख्य चिपला) +१४० आणि मेमरीला +९०० मेगाहर्ट्झ दिलं. टाइम स्पाय या बेंचमार्क टेस्टचा स्कोअर ८,७५० वरून ९,३०० वर गेला. गेममध्ये जिथे ६२ एफपीएस (सेकंदाला इतक्या फ्रेम) होते तिथे ६६ झाले. ब्लेंडरचा जो सीन ११ मिनिटं घ्यायचा तो साडेदहाच्या आत आला. म्हणजे हिशोब केला तर ५-६ टक्के. आकडा बघून आनंद होतो, मला पण झाला, पण गेम खेळताना डोळ्याला ६२ आणि ६६ मधला फरक कळत नाही हे मान्य करायला मला तीन महिने लागले.

एवढाच फायदा का, तर कार्ड आधीच स्वतःला ओव्हरक्लॉक करून बसलेलं असतं. एनव्हिडियाने २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणलं तेव्हापासून कार्ड स्वतःच तापमान, वॉट आणि व्होल्टेज बघून क्लॉक वर खाली करत असतं. या चिपचा कागदावरचा बूस्ट १७७७ मेगाहर्ट्झ आहे पण माझं कार्ड काहीही न करता थंडीत १९२० च्या वर धावायचं. पूर्वी असं नव्हतं, २०१० चं जीटीएक्स ४६० ६७५ मेगाहर्ट्झवर यायचं आणि लोक सहज ८०० च्या पुढे न्यायचे, तिथे खरंच फुकटचं काहीतरी मिळायचं. आता ती शिल्लक कंपनीनेच काढून वापरलेली असते, आपल्याला मिळतो तो कढईच्या तळाला लागलेला थर.

आणि मग आला उन्हाळा. आमच्याकडचा उन्हाळा पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही, एप्रिलमध्ये बाहेर ४३, माझी खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला, रात्री १ वाजता खोलीत ३६. रिव्ह्यू करणारे लोक एसी लावून २१-२२ डिग्रीच्या खोलीत कार्ड टेस्ट करतात आणि ६७ डिग्री दाखवतात, त्यात सरळ १४-१५ मिळवा म्हणजे आपला आकडा येतो. माझं कार्ड ८२-८३ ला टेकलं. एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांचं ठरलेलं टार्गेट ८३ च्या आसपास असतं, त्याच्या पुढे जायला लागलं की कार्ड स्वतः क्लॉक खाली खेचतं, आणि खरं तर त्याच्या बरंच आधीपासूनच तापमान वाढेल तसं १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली येत असतं. म्हणजे मी +१४० दिलेले त्यातले निम्मे तर उन्हाने परत घेतले होते, फॅन मात्र फुल स्पीडवर ओरडत होते.

त्यातच एका रात्री लग्नाची फिल्म रेंडरला लावून झोपलो, सकाळी द्यायची होती. उठून बघतो तर २:४० ला ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड जोडणारं सॉफ्टवेअर) क्रॅश. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ४१०१ नंबरची एन्ट्री. विंडोज काय करतं, कार्डाकडून २ सेकंद उत्तर आलं नाही की ड्रायव्हर रीसेट मारतं, गेम असेल तर गेम बंद होतो, माझं तर अख्ख्या रात्रीचं काम गेलं. पार्टीला संध्याकाळपर्यंत थांबवावं लागलं. पण त्याहून जास्त मी हादरलो ते दुसऱ्या एका फाइलमुळे, ती पूर्ण रेंडर झाली होती, एरर काहीच नाही, आणि मध्ये एका ठिकाणी नवरीच्या चेहऱ्यावर दोन-तीन फ्रेम हिरवे ठिपके. मेमरी जास्त ताणली की असं होतं. ३०८० सारख्या कार्डात जी जीडीडीआर६एक्स मेमरी आहे ती चूक पकडून डेटा परत पाठवते, तिथे ठिपक्याऐवजी स्पीड कमी होतो, म्हणजे मेमरी वाढवूनही स्कोअर घसरायला लागला की समजायचं हद्द झाली. माझ्या ३०६० मध्ये साधी जीडीडीआर६ आहे, तिने मला गुपचूप खराब फ्रेम दिल्या. मी ते बघितलं नसतं तर ती फिल्म तशीच त्या घरात कायमची राहिली असती. त्याच दिवशी सगळं डिफॉल्टवर आणलं.

म्हणून धोक्यांचा क्रम माझ्या मते लोक समजतात त्याच्या उलटा आहे. सगळे विचारतात चिप जळेल का. स्लायडरने सहसा जळत नाही, कारण व्होल्टेजवर एनव्हिडियाने कुलूप लावलंय, आफ्टरबर्नरचा व्होल्टेज स्लायडर पूर्ण ओढला तरी मोजकंच वाढतं, आणि वॉटची मर्यादा बायोसमध्ये (कार्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ठरलेली असते. माझ्या कार्डात पॉवर लिमिटला वर जागाच जेमतेम होती. खरा धोका म्हणजे काम वाया जाणं, फाइल खराब होणं, फॅनचे बेअरिंग लवकर झिजणं, आणि हळूहळू म्हातारपण. जास्त करंट आणि जास्त तापमान असलं की चिपच्या आतल्या अतिसूक्ष्म तारांमधले धातूचे अणू खरोखर जागा सोडून सरकतात, त्याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं तर ढोबळ गणितच आहे, १० डिग्री वाढले की आयुष्य निम्मं. आज +१४० वर स्थिर चालणारं कार्ड दोन वर्षांनी +१०० वर पण अडखळतं ते यामुळेच.

चिप जाते ती पुढच्या पायरीला. दुसऱ्या कार्डाचा बायोस आणून टाकणं, शंट मॉड म्हणजे करंट मोजणाऱ्या बारक्या रेझिस्टरवर दुसरा सोल्डर करून कार्डाला फसवणं की बाबा तू कमी वॉट खातोयस. चिप आणि हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा भाग) यांच्या मधल्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावणं पण त्यातलंच, त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियमला अक्षरशः खाऊन टाकतं. या गोष्टी वॉरंटीतल्या कार्डावर करूच नका, आणि करायच्याच असतील तर वॉरंटी गेली असं मनाशी पक्कं धरूनच करा.

आता वॉरंटी. तुमच्या कार्डाचं वॉरंटीचं पान उघडून एकदा स्वतः वाचा, पाच मिनिटं लागतात. बहुतेक ठिकाणी मथितार्थ एकच असतो की ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान कव्हर नाही. एएमडी या एनव्हिडियाच्या स्पर्धक कंपनीचं तर आणखी स्पष्ट आहे, त्यांच्या स्वतःच्या अॅड्रेनालिन सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंग करायला गेलात की आधी वॉर्निंग येते, आणि त्यांचंच सॉफ्टवेअर वापरून नुकसान झालं तरी ते वॉरंटीत बसत नाही असं ते लिहून देतात. यातला शब्द नीट बघा, "झालेलं नुकसान". ओव्हरक्लॉक केलं म्हणून वॉरंटी रद्द, आणि ओव्हरक्लॉकमुळे जे बिघडलं ते कव्हर नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही कंपन्या पहिलं लिहितात, काही दुसरं. बॉक्सवर ओसी लिहिलेलं असतं तो फॅक्टरीतला क्लॉक असतो, तो कंपनीचाच असल्यामुळे त्याची काळजी नको, पण त्याचा अर्थ ओसी करायची परवानगी दिली असा होत नाही, हा गैरसमज मी दुकानदारांच्या तोंडून पण ऐकलाय.

उलटं उदाहरण पण होतं. ईव्हीजीए नावाची अमेरिकन कंपनी ओव्हरक्लॉक केलेलं, इतकंच काय हीटसिंक काढून परत बसवलेलं कार्डसुद्धा वॉरंटीत घ्यायची, फक्त तुटफूट नको. २०२१ च्या जुलैमध्ये न्यू वर्ल्ड गेमच्या बीटामध्ये (चाचणी आवृत्तीत) त्यांची काही ३०९० कार्डं मेली, सगळी मिळून दोन डझनच्या आसपास, तर त्यांनी सरळ बदलून दिली आणि तपासून सांगितलं की आमच्याच सोल्डरिंगमध्ये दोष होता. ग्राहकाने ओव्हरक्लॉक केलं असेल असं म्हणून हात झटकता आले असते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी ग्राफिक्स कार्डाचा धंदाच बंद केला, मला मनापासून वाईट वाटलं.

स्टिकरचं पण सांगतो. हीटसिंकच्या एका स्क्रूवर वॉरंटी व्हॉइडचा बारका स्टिकर असतो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याखाली असल्या स्टिकरच्या जोरावर वॉरंटी नाकारता येत नाही, तिथल्या एफटीसी या ग्राहकांच्या बाजूने लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने जुलै २०२४ मध्ये झोटॅक, गिगाबाइट, अॅसरॉक या कंपन्यांना याच विषयावर पत्रं पाठवली. पण तो कायदा तिकडचा, यूट्यूबवर ऐकून इथल्या काउंटरवर वाद घालू नका. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी बिल, सिरीयल नंबरचा फोटो आणि सगळा पत्रव्यवहार ईमेलवर असणं महत्त्वाचं, फोनवरच्या बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही.

माझा स्वतःचा क्लेम जुलै २०२४ चा. एक फॅन खरखर करायला लागला आणि मग बंदच पडला, पाठोपाठ मधेच स्क्रीन काळी व्हायची. तेव्हा कार्ड वर्षभरापासून डिफॉल्टवरच होतं. दुकानदाराने हात वर केले, म्हणाला नागपूरला सर्व्हिस सेंटरला तुम्हीच घेऊन जा. गेलो, बॉक्स, बिल सगळं घेऊन. काउंटरवरच्या पोराने पहिला प्रश्न हाच विचारला, "दादा, ओव्हरक्लॉक केलं होतं का?"

मी खरं सांगितलं. की सुरुवातीला चार महिने सॉफ्टवेअरमधून केलं होतं, नंतर काढलं, बायोसला हात लावला नाही, कार्ड उघडलं नाही. आफ्टरबर्नरची सेटिंग विंडोजमध्ये असते, कार्डाच्या बायोसमध्ये लिहिली जात नाही, त्यामुळे नाही म्हणालो असतो तरी त्याला कळायला काही मार्ग नव्हता हे मला माहीत होतं. पण खोटं बोलून घ्यायची इच्छा नव्हती. त्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं, स्टिकर बघितला, बोर्डावर टॉर्च मारला, काळं कुठे पडलंय का, पिना वितळल्यात का, कोपरे वाकलेत का, आणि म्हणाला फिजिकल डॅमेज नाही ना, मग जमा करा. झालं. बदलून कार्ड आलं पण २६ दिवसांनी, आणि मध्ये स्टेटस विचारायला मी ११ फोन केले, प्रत्येक वेळी माणूस वेगळा आणि उत्तर वेगळं. जो माणूस कार्डावर पोट भरतो त्याला २६ दिवस म्हणजे काय होतं हे त्या सेंटरला कळायला हवं होतं, मला जुन्या कार्डावर काम ओढावं लागलं आणि दोन ऑर्डर सोडाव्या लागल्या. बदलून आलेलं नवं नव्हतं, दुरुस्त केलेलं होतं, आणि वॉरंटी मूळ बिलाच्या तारखेपासूनचीच पुढे चालू. ही पद्धत बहुतेक सगळीकडे आहे, पण आधी कोणी सांगत नाही. कार्डाला ५ पैकी ४ देईन, सर्व्हिसला २ च्या वर द्यायला मन होत नाही.

त्याच वर्षी जळगावच्या आमच्या मावसभावाचा क्लेम मात्र फेटाळला. त्याने सेकंडहँड कार्ड घेतलेलं, बिल होतं, दीड वर्ष वॉरंटी बाकी होती. पण आधीच्या मालकाने मायनिंगसाठी बायोस बदललेला होता हे याला माहीत नव्हतं, आणि तापतंय म्हणून याने स्वतः उघडून थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलले, ते जाडीला जास्त निघाले, म्हणून हीटसिंक नीट बसेना तर स्क्रू जोर लावून आवळले. चिपचा कोपरा टवका उडालेला. सेंटरने फोटोसकट नाही म्हणून कळवलं. तो मला म्हणाला, "दादा, मी तर ओव्हरक्लॉक केलंच नव्हतं रे." खरंच नव्हतं केलं, आणि २१ हजार गेले. त्याला मी घेतानाच सांगायला हवं होतं की सेकंडहँड कार्ड घेताना जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या टूलमध्ये बायोस व्हर्जन बघून मूळ बायोसशी ताडून बघ.

आता मी काय करतो ते. अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देणं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजची वक्ररेषा उघडते, त्यात ०.८७५ व्होल्टला १८३० मेगाहर्ट्झ धरून पुढची रेषा आडवी केलीय, म्हणजे कार्ड त्याच्या वर जात नाही. कार्ड आधी त्याच्या मनाने १.०५ व्होल्टच्या आसपास जायचं. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, त्यामुळे व्होल्टेज एवढंसं उतरवलं तरी वॉट धाडकन पडतात. माझे १७० चे १२८ झाले, ७२ डिग्रीवर आलं, एफपीएस ६२ चे ६१. दिवसाला पाच तास फुल लोड धरला तरी वर्षाला ७५ युनिटच्या वर महावितरणचं बिल वाचतं, आणि खोली कमी तापते हे तर लगेच जाणवतं. हे पण कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरच आहे, आणि फार कमी व्होल्टेज दिलं तर क्रॅश यातही होतो, पण जास्त उष्णता आणि जास्त करंट हे नुकसानीचं मूळच इथे नाही. सेट केल्यावर टाइम स्पायची स्ट्रेस टेस्ट २० लूप चालवा, ९७ टक्क्यांच्या वर पास धरतात, आणि टेस्ट मे महिन्यात दुपारी करा, डिसेंबरात पास झालेलं सेटिंग मला एप्रिलमध्ये नडलं होतं. विदर्भ-खानदेशवाल्यांनी अजून एक, डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका, दमट हवेत धूळ पंख्यांना पिठासारखी चिकटते.

ओव्हरक्लॉक कोणी करावं, तर ज्याला त्यातच मजा येते त्याने जरूर करावं, एसीच्या खोलीत, चांगला पॉवर सप्लाय लावून, स्लायडरपुरतं, आणि ज्या मशीनवर रोजीरोटी नाही अशा मशीनवर. तो छंद आहे आणि चांगला छंद आहे, त्यातून कार्ड कसं चालतं ते मला जेवढं कळलं तेवढं दुसऱ्या कशातून कळलं नसतं.

गेल्या नोव्हेंबरात माझी वॉरंटी संपली. त्या रविवारी पहिल्यांदा कार्ड उघडलं, पॅड स्केलने मोजून त्याच जाडीचे मागवले होते, जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. परत लावल्यावर अंडरव्होल्टवर अजून ६ डिग्री उतरले. सध्या बाहेर ४४ आहे, खोलीत ३७, हे टाइप करताना मागे रेंडर चालू आहे आणि कार्ड ७५ वर.